रिॲक्टिव्ह घ्यावं की साधं थ्रेडवालंच ठेवावं? जावा सर्व्हिसबद्दल सल्ला हवाय

राजवाडा_१४ · रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इंदूरला विजयनगरात छोटं ऑफिस आहे आमचं, नऊ जण, त्यात बॅकएंडवाले चारच. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे ट्रक कुठे आहे, मंडीत किती वाजता पोचेल, मालाची पावती झाली की मालकाला मेसेज जाणार, असं सगळं. जावात स्प्रिंग बूट, रिक्वेस्ट घेणारा टॉमकॅट सर्व्हर, पोस्टग्रेस डेटाबेस, काही विशेष नाही.

सोयाबीनच्या सीझनमध्ये सकाळी सगळे एकदम ॲप उघडतात. मागच्या सीझनला एक दिवस असा आला की पानच उघडेना. सीपीयू बघितला तर रिकामा बसलाय, मेमरी भरपूर शिल्लक, डेटाबेस शांत, आणि इकडे मालक लोकांचे फोनवर फोन. शेवटी थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड (एका वेळी एक रिक्वेस्ट सांभाळणारा कामगार) कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी, काढली तर टॉमकॅटचे दोनशेच्या दोनशे थ्रेड एकाच ओळीवर उभे. मेसेज पाठवणारी जी बाहेरची सर्व्हिस आम्ही वापरतो ती त्या दिवशी हळू झाली होती आणि आमचे सगळे थ्रेड तिच्या उत्तराची वाट बघत बसले होते.

आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक जण म्हणतो सगळं वेबफ्लक्समध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या रिॲक्टिव्ह पद्धतीत, लिहून काढू, नॉन-ब्लॉकिंग झालं, थ्रेड उत्तराची वाट बघत थांबेनासा झाला, की हा प्रश्न कायमचा संपला. दुसरा म्हणतो जावा २१ वर जाऊ, व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जावाचे स्वतःचे हलके थ्रेड, चालू करू, कोड आहे तसाच राहील. मी मध्ये अडकलोय, कारण निर्णय माझ्यावर आहे आणि पुढच्या सीझनच्या आत करायचाय. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपा करून खरं सांगा.

खजराना_रोड · रात्री ११:३४

भिया, आधी एक सांगा, त्या बाहेरच्या कॉलला टाइमआउट (इतक्या वेळात उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं) लावला होता का?

राजवाडा_१४ · रात्री ११:३७

नव्हता. बाहेर कॉल करायचं स्प्रिंगचं रेस्टटेम्प्लेट जसं मिळतं तसंच वापरलं होतं.

खजराना_रोड · रात्री ११:५२

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. रेस्टटेम्प्लेट साधं वापरलं तर समोरचा बोलेपर्यंत ते थांबतं, अगदी अनंतकाळ. हिशोब करून बघा. टॉमकॅटला मुळात २०० थ्रेड मिळतात. एक रिक्वेस्ट २ सेकंद थांबत असेल तर सेकंदाला १०० रिक्वेस्ट निघतील. समोरचा १० सेकंद घ्यायला लागला की तीच मशीन, तोच कोड, आणि सेकंदाला फक्त २०. याच्यात जावाचा काही दोष नाही, हा लिटलचा नियम आहे, जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला, आत किती माणसं आहेत म्हणजे किती वेगाने येतात गुणिले प्रत्येक जण किती वेळ थांबतो. बँकेच्या रांगेला लागू, तसाच थ्रेडला लागू.

म्हणून आज रात्रीच टाइमआउट लावा, दोन-तीन सेकंदांचा. रिॲक्टिव्हचं उद्या बघू.

रामबागची_लेक · सकाळी ८:०५

मी तीन वर्षं वेबफ्लक्सवर काम केलंय, पुण्याच्या क्लायंटसाठी पण इंदूरलाच बसून, आणि चांगलं-वाईट दोन्ही अंगावर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिॲक्टिव्ह का आलं ते आधी समजून घ्या, नाहीतर ते फक्त फॅशन वाटतं. १९९९ मध्ये डॅन केगेलने प्रश्न मांडला होता की एका सर्व्हरवर दहा हजार क्लायंट एकाच वेळी कसे सांभाळायचे, त्यालाच सी-टेन-के म्हणतात. प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड दिला तर जमत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड महाग, ६४ बिट लिनक्सवर जावा प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबी जागा राखून ठेवते. त्यावर उत्तर निघालं इव्हेंट लूप. थोडे थ्रेड, आणि त्यातला कुणीही थांबायचं नाही, उत्तर आलं की पुढचं काम. एनजिनेक्स वेब सर्व्हर असंच, २००९ चं नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) असंच, जावात नेटी लायब्ररी असंच. पण थांबायचं नाही म्हटलं की कोड कॉलबॅकमध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायच्या तुकड्यांमध्ये, तुटतो, आणि तो नीट बांधायला आरएक्स आलं, मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायरच्या टीमने केलेलं, मग २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने आरएक्सजावा खुलं केलं, २०१५ मध्ये रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचं स्पेसिफिकेशन ठरलं आणि २०१७ मध्ये ते जावा ९ मध्ये फ्लो नावाने आलं. त्याच महिन्यात स्प्रिंग ५ बरोबर वेबफ्लक्स.

आता माझा अनुभव. फायदा खरा आहे. आमचा गेटवे होता, एक रिक्वेस्ट आत घ्यायची, पाच ठिकाणी विचारायचं, एकत्र करून द्यायचं. तिथे वेबफ्लक्स म्हणजे सोनं. झिप करा (सगळ्यांची उत्तरं एकत्र जोडा), प्रत्येकाला टाइमआउट लावा, चुकलं तर वाढत्या अंतराने परत प्रयत्न, सगळं चार ओळींत. आणि युजरने फोन बंद केला तर कॅन्सल वरपर्यंत जातं, पुढचे कॉल होतच नाहीत. साध्या एमव्हीसीमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या नेहमीच्या थ्रेडवाल्या पद्धतीत, तो थ्रेड कुणी नसलेल्या माणसासाठी शेवटपर्यंत राबत राहतो.

पण ज्या सर्व्हिसमध्ये डेटाबेस मध्यभागी होता तिथे मी रडले आहे. जेडीबीसी, जावातून डेटाबेसशी बोलायची नेहमीची पद्धत, ब्लॉकिंग आहे, उत्तर येईपर्यंत थ्रेड थांबतो. वेबफ्लक्समध्ये इव्हेंट लूपचे थ्रेड जितके कोअर तितके, कमीत कमी ४. चार कोअरच्या मशीनवर एकाने चुकून दोन सेकंदांची जेडीबीसी क्वेरी लूपवर चालवली की चौथा हिस्सा कनेक्शन दोन सेकंद मुकी. एमव्हीसीमध्ये तीच चूक २०० पैकी एका थ्रेडला भोवते. म्हणून तुम्ही ती क्वेरी बाउंडेड इलॅस्टिकवर टाकता, म्हणजे काय तर परत थ्रेड पूल, कोअरच्या दहापट थ्रेडचा. फिरून तिथेच आलात, फक्त वाचायला अवघड कोड घेऊन.

आणि रात्री दोन वाजता एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठून कुठे आली त्या ओळींमध्ये) तुमच्या क्लासचं नाव एकदाही दिसत नाही, सगळ्या ओळी रिॲक्टरच्या, म्हणजे वेबफ्लक्सच्या खालच्या लायब्ररीच्या. चेकपॉइंट (साखळीत नाव दिलेल्या खुणा) लावून ठेवले असतील तर वाचाल. लॉगमधला रिक्वेस्ट आयडी थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे त्या थ्रेडलाच बांधलेल्या जागेत, असतो, तो थ्रेड बदलला की गायब, तो साखळीबरोबर जाणाऱ्या कॉन्टेक्स्टमधून वाहून न्यायचा. ट्रान्झॅक्शनचंही तेच. नवीन मुलगा टीममध्ये आला की दोन-तीन महिने तो फ्लॅटमॅपशीच (एका उत्तरावरून पुढचा कॉल जोडणारं फंक्शन) झगडतो, आणि ही त्याची चूक नसते.

लष्कर_ग्वाल्हेर · सकाळी ९:१८

ताईंशी सहमत, पण आर२डीबीसी आहे की आता, जेडीबीसीचा नॉन-ब्लॉकिंग पर्याय, २०२२ मध्ये १.० पण झालं. डेटाबेसही नॉन-ब्लॉकिंग करा, मग पूर्ण साखळी रिॲक्टिव्ह. अर्धवट केलं की त्रास होतो, पूर्ण केलं की होत नाही.

रामबागची_लेक · सकाळी ९:४०

दादा, नवीन सर्व्हिस असेल तर चालेल. राजवाडांकडे जेपीए असणार (टेबलांना जावाचे ऑब्जेक्ट बनवणारी पद्धत), सगळी एंटिटी, लेझी लोडिंग, ते आर२डीबीसीवर चालत नाही, म्हणजे डेटाबेसचा पूर्ण थर नवा लिहायचा. चार जणांत. एका सीझनच्या आत. आणि ओरॅकलने स्वतः जावासाठी असिंक डेटाबेस एपीआय, एडीबीए, काढायला घेतलं होतं, ते २०१९ मध्ये थांबवलं, कारण तोवर प्रोजेक्ट लूम, ज्यातून पुढे व्हर्च्युअल थ्रेड आले, दिसायला लागला होता.

जुना_सी_वाला · सकाळी १०:३०

मी रिटायर झालोय, टेलिकॉममध्ये सी आणि नंतर जावा असं तीसेक वर्षं केलं. मुलांनो, तुम्ही थ्रेडवर भांडताय, आणि राजवाड्याने जे लिहिलंय त्यात मला वेगळंच दिसतंय.

आपल्याकडे पंगत असते ना. वाढपी जिलबी घेऊन येतो, तुम्ही पानावर आडवा हात केला की तो पुढे सरकतो. ज्या पंगतीत आडव्या हाताला मान नाही तिथे जिलबी पानाबाहेर जाते, वाढपी दहा असोत नाहीतर हजार. सर्व्हिसमध्येही हाच एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आडवा हात कुठे आहे? तुमचे २०० थ्रेड हाच तुमचा आडवा हात होता, कुणी ठरवून केलेला नाही, आपोआप झालेला, आणि चुकीच्या ठिकाणी. मेसेजवाला हळू झाला आणि हात मात्र ट्रक बघायला आलेल्या माणसासमोर आडवा झाला. त्या बिचाऱ्याला मेसेजशी काय घेणं?

रिॲक्टिव्ह स्ट्रीम्समध्ये मला आवडलेली गोष्ट हीच. घेणारा सांगतो मला इतके द्या, रिक्वेस्ट एन, आणि देणारा त्याच्यावर देऊ शकत नाही. नॉन-ब्लॉकिंग वगैरे राहू द्या, हा करार मोठा आहे.

आणि दुसरं. पावती झाल्यावर मेसेज जातो म्हणता. मग त्या मेसेजसाठी रिक्वेस्ट थांबवून ठेवलीतच कशाला? पावती ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता त्यातच एका टेबलात ओळ टाका, हा मेसेज पाठवायचाय. वेगळा वर्कर ती ओळ उचलेल, पाठवेल, नाही गेला तर परत प्रयत्न करेल. मेसेजवाला अर्धा तास झोपला तरी मंडीतल्या माणसाला पावती लगेच. यात ना वेबफ्लक्स लागतं ना व्हर्च्युअल थ्रेड.

राजवाडा_१४ · सकाळी ११:०२

काका, हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. सहा महिने आम्ही कुठलं फ्रेमवर्क यावर भांडतोय आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मेसेजचं असंच करणार. नोंदीला टेबल, वर्कर वेगळा.

पण दोन कॉल असे आहेत जे रिक्वेस्टमध्येच करावे लागतात. ई-वे बिलाची तपासणी, कारण तिचं उत्तर स्क्रीनवर दाखवायचंय, आणि रस्त्याचं अंतर काढणारी मॅपची सर्व्हिस. त्यांच्यासाठी प्रश्न तसाच राहतो. शिवाय एक लाइव्ह नकाशा आहे, ट्रकचं जीपीएस दर थोड्या सेकंदांनी येतं आणि ते मालकाच्या फोनवर हलताना दिसायला हवं.

खजराना_रोड · दुपारी १:१५

त्या दोन कॉलसाठी व्हर्च्युअल थ्रेड. मी आमच्याकडे हेच केलंय म्हणून छातीठोक सांगतो. जावा २१, सप्टेंबर २०२३ मध्ये पक्कं झालं. स्प्रिंग बूट ३.२ पासून सेटिंगमध्ये एक ओळ ट्रू करायची. थ्रेड जेव्हा आयओसाठी (नेटवर्क किंवा डेटाबेसच्या उत्तरासाठी) थांबतो तेव्हा जेव्हीएम त्याचा स्टॅक हीपमध्ये बाजूला ठेवते आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्याला देते. म्हणजे आत जे होतंय ते इव्हेंट लूपसारखंच, पण तुम्ही लिहिता सरळ वरून खाली, ट्राय-कॅच चालतो, डिबगर चालतो, स्टॅक ट्रेसमध्ये तुमची ओळ दिसते. आमच्या टीममधल्या मुलीने कॉलेज सुटून दुसऱ्या महिन्यात प्रॉडक्शनचा बग एकटीने शोधला, कारण ट्रेस वाचता येत होता. हे माझ्यासाठी कुठल्याही बेंचमार्कपेक्षा मोठं आहे.

पीथमपूर_लाइन · दुपारी २:४०

थांबा, व्हर्च्युअल थ्रेड चालू केले की सगळं झालं असं समजू नका, आम्ही त्यातच पडलो होतो.

एक ओळ ट्रू केली, लोड टेस्ट मारली, आणि एरर यायला लागल्या त्या हिकारीच्या, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन वाटून देणाऱ्या लायब्ररीच्या. का? तर आधी २०० थ्रेड होते म्हणजे डेटाबेसच्या दारात जास्तीत जास्त २०० उभे. आता हजारो रिक्वेस्ट आत शिरतात, आणि हिकारीच्या पूलमध्ये मुळात कनेक्शन १०. सगळे त्या दहाच्या रांगेत, आणि ३० सेकंद झाले की हिकारी एरर फेकतो. काकांच्या भाषेत, आधीचा आडवा हात आम्ही काढून टाकला आणि नवा केलाच नाही. पूल मोठा करून काही होत नाही, मग पोस्टग्रेस दमतो. आम्ही शेवटी सेमाफोर लावले, बाहेरच्या प्रत्येक सर्व्हिससाठी वेगळा, एका वेळी इतकेच आत, आणि जागा नसेल तर अर्धा सेकंद थांबून सरळ नाही म्हणायचं. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करायचा नसतो, ते कागदाच्या द्रोणासारखे, वापरा आणि टाका, मर्यादा हवी तर सेमाफोरने.

दुसरी गोष्ट पिनिंग. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलात तर व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला धरून बसतो, सोडत नाही, आणि ते खरे थ्रेड असतात कोअर इतकेच. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये स्वतः लिहिलं होतं की जावा २१ वर त्यांच्या काही सर्व्हिस अशाच जागच्या जागी थिजल्या, ट्रेसिंगच्या लायब्ररीतल्या सिंक्रोनाइज्डमुळे. तुमचा कोड स्वच्छ असून चालत नाही, लायब्ररी पण बघावी लागते. जावा २४ मध्ये सिंक्रोनाइज्डचं पिनिंग काढलंय, म्हणून मी म्हणेन सरळ २५ वर जा, तो लॉंग टर्म सपोर्टवाला आहे.

लष्कर_ग्वाल्हेर · दुपारी ३:०५

म्हणजे बघा, रिॲक्टिव्हमध्ये जे आत आहे ते तुम्ही हाताने सेमाफोर लावून परत बांधताय. मग आधीच रिॲक्टिव्ह का नको?

पीथमपूर_लाइन · दुपारी ३:२२

कारण रिॲक्टिव्हमध्येही ते आपोआप होत नाही हो. साखळीच्या आत बॅकप्रेशर, म्हणजे काकांचा तो आडवा हात, आहे हे खरं, फ्लॅटमॅप मुळात एका वेळी २५६ च उघडतो. पण तो एका साखळीचा हिशोब. वेबफ्लक्समध्ये प्रत्येक एचटीटीपी रिक्वेस्ट ही स्वतंत्र साखळी, आणि दारात किती माणसं येणार हे ब्राउझरला कुणी रिक्वेस्ट एन करून सांगत नाही. हजार माणसं आली की हजार साखळ्या, आणि बाहेरच्या सर्व्हिसवर हजार कॉल. तिथे मर्यादा तुम्हालाच लावावी लागते, इकडे लावा नाहीतर तिकडे.

रामबागची_लेक · दुपारी ४:५०

हे एकदम बरोबर, आणि हेच मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बॅकप्रेशर एका वाहत्या प्रवाहाच्या आत काम करतो, वेगवेगळ्या रिक्वेस्टच्या गर्दीवर नाही.

म्हणूनच राजवाडा, तुमचा लाइव्ह नकाशा मात्र खराखुरा प्रवाह आहे, तिथे मी रिॲक्टिव्हच सांगेन. जीपीएस सतत येतंय, शेकडो फोन जोडलेत, त्यात कुणी घाटात, कुणाचं नेटवर्क टूजीवर गेलंय. हळू फोनसाठी जुने पॉइंट साठवत राहिलात तर मेमरी भरते, आणि त्या माणसाला नेटवर्क आलं की दहा मिनिटांपूर्वीचा ट्रक हळूहळू पळताना दिसतो. त्याला हवा असतो आत्ताचा ट्रक. रिॲक्टरमध्ये ऑनबॅकप्रेशरलेटेस्ट आहे, मधले टाकून देतो, फक्त ताजा ठेवतो. हे हाताने थ्रेड आणि लॉक घेऊन नीट लिहून बघा, मी लिहिलंय, दोन आठवडे गेले आणि तरी एक रेस कंडिशन (दोन थ्रेड एकमेकांत घुसायची चूक) राहिली होती. इथे एक शब्द. सर्व्हर-सेंट इव्हेंटवर (सर्व्हर फोनला सतत माहिती पाठवत राहतो ती पद्धत) फ्लक्स, म्हणजे रिॲक्टरचा प्रवाह, परत करा, झालं. डेटाबेस त्यात आणूच नका.

खजराना_रोड · सायंकाळी ६:१०

मला मान्य. नकाशाची सर्व्हिस वेगळी काढा, लहान ठेवा, ती वेबफ्लक्स. बाकी सगळं साधं. पण ती सांभाळायला दोन जण तरी तयार करा, एकट्याच्या डोक्यात रिॲक्टिव्ह कोड राहिला आणि तो गावी गेला की बाकीचे हात लावत नाहीत.

जुना_सी_वाला · रात्री ८:००

आणि ब्लॉकहाउंड लावा टेस्टमध्ये, कुणी लूपवर ब्लॉकिंग कॉल केला तर टेस्टच फेल होईल.

राजवाडा_१४ · पाच आठवड्यांनी, रात्री १०:४५

धागा वर आणतोय, कारण तुम्ही इतका वेळ दिलात तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

सगळ्यात आधी टाइमआउट लावले, त्याच आठवड्यात. मग मेसेजचं टेबल आणि वर्कर. एवढ्यानेच जुन्या जावावर, जुन्या टॉमकॅटवर आमची सकाळची गर्दी निघायला लागली, हे मला फार लागलं कारण आम्ही पूर्ण सर्व्हिस नव्याने लिहायला निघालो होतो. नंतर जावा २५ आणि व्हर्च्युअल थ्रेड, ई-वे बिल आणि मॅप दोघांना वेगळे सेमाफोर. लोड टेस्टमध्ये मॅपची खोटी सर्व्हिस मुद्दाम दहा सेकंद झोपवली, तर अंतर दिसलं नाही, पण पावती आणि ट्रकची यादी अडली नाही. मागच्या सीझनला नेमकं हेच उलटं झालं होतं.

नकाशा वेबफ्लक्समध्ये केला, मी आणि आमच्यातली एक जण, दोघांनी मिळून. ताई, लेटेस्टवाली युक्ती चालली. फोन विमान मोडवर टाकून परत काढला की ट्रक सरळ आत्ताच्या जागी येतो. पण पहिल्याच दिवशी लॉगमधून गाडी नंबर गायब झाला, तुम्ही सांगितलेलं कॉन्टेक्स्टचं लफडं, ते निस्तरायला दोन दिवस गेले.

एक गोष्ट अजून बसली नाही. सेमाफोर भरला की आम्ही ५०३ (आत्ता जमत नाही) देतो आणि ॲप लगेच परत विचारतं, म्हणजे नाही म्हटलेलीच माणसं दुप्पट होऊन दारात. हे फोनच्या ॲपमध्ये थांबवायचं की सर्व्हरवरून?

पीथमपूर_लाइन · रात्री ११:१०

दोन्हीकडे. सर्व्हरने उत्तरात रिट्राय-आफ्टरचा हेडर पाठवायचा, आणि ॲपने तो मानायचा, वर थोडा रँडम वेळ मिळवायचा, नाहीतर सगळे एकाच सेकंदाला परत येतात. ॲप कुणाचंय, तुमचंच ना?

राजवाडा_१४ · रात्री ११:१४

आमचंच. पण जुनं व्हर्जन वापरणारे ड्रायव्हर पुष्कळ, अपडेट करत नाहीत.

जुना_सी_वाला · रात्री ११:३१

मग जुन्या व्हर्जनसाठी दारातच, एनजिनेक्समध्ये, एका फोनमागे सेकंदाला किती हे ठरवून टाका. रविवारी सकाळी छप्पन दुकानला पोहे खायला येणार असाल तर लॅपटॉप घेऊन या, बसून कॉन्फिग करू.